बॉलला भोकं पाडण्याआधी

“मग आज पाडून देणार ना, चाचा?”

राजसी घोरपडेनं फोनवरचं चित्र याकूबचाचांच्या समोर धरलं. चित्रात एका बॉलवर रेघा आखलेल्या होत्या आणि अंतरं लिहिली होती.

चाचांनी चित्राकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या नव्या बॉलवरून ते तळहात फिरवत होते. बॉल गडद जांभळा होता. त्याला अजून एकही भोक नव्हतं.

“हा कुणाचा लेआउट?”

“कोरियाच्या चॅम्पियनचा. ती अशीच भोकं पाडते. बॉल शेवटपर्यंत सरळ जातो आणि मग एकदम आत वळतो.”

“तिचा हात आणलास का बरोबर?”

राजसी हसली नाही.

याकूबचाचा एकेकाळी राज्याचे विजेते होते. आता पुण्यातल्या कॅम्पातल्या एका बोलिंग ॲलीत ते शिकवत असत, आणि मागच्या खोलीत खेळाडूंच्या बॉलना बोटं घालायची भोकं पाडून देत. राजसी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडे शिकत होती. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. गेल्या वर्षी ती शेवटच्या गेममध्ये मागे पडली आणि संघाबाहेर राहिली. तेव्हाचा बॉल तिनं चाचांना न विचारता मुंबईहून पाडून आणला होता.

नवा बॉल हा एकच. मामानं सिंगापूरहून येताना बॅगेतले स्वतःचे कपडे तिथंच ठेवून तो आणला होता. चुकीची भोकं पडली तर ती भरता येतात. पण भरून, सुकवून, पुन्हा पाडेपर्यंत रविवार निघून गेला असता.

“चाचा, तुम्हाला जमत नसेल तर मुंबईत पाडून देतात.”

“देतात की. भोकं छान गोल पाडतात तिथं.”

“मग?”

“मग काय? आधी टाकून दाखव.”

बॉल ज्या लाकडी पट्ट्यावरून जातो, त्या लेनवर तेलाचा पातळ थर असतो. बॉल फिरत जातो तसं ते तेल त्याला लागतं आणि त्याच्यावर कड्या उमटतात. खेळणारा हात बॉलला कोणत्या बिंदूभोवती फिरवतो, ते त्या कड्यांवरून कळतं. तो बिंदू सापडला की नव्या बॉलवर भोकांची जागा ठरते. म्हणून राजसीनं आपला जुना बॉल पुसून हातात घेतला.

चाचा तिच्या मागे उभे राहिले.

तिनं हात खूप मागे नेला. मनगट आवळलं. बॉल लाकडावर धप्पकन पडला, कडेपर्यंत गेला आणि मोठं वळण घेऊन आत आला. टोकाला उभ्या दहाही पिना पडल्या.

ती मागे वळली. चाचा पिनांकडे बघतच नव्हते. ते बॉल परत येण्याची वाट बघत होते.

बॉल आला. त्यांनी कड्यांवर मापपट्टी ठेवली आणि पांढऱ्या पेन्सिलीनं एक फुली मारली.

“पुन्हा.”

तिनं कड्या पुसून पुन्हा टाकला. आणखी जोरात. पुन्हा दहाही पिना.

दुसरी फुली पहिल्या फुलीपासून अंगठाभर दूर पडली.

“पुन्हा.”

तिसरी फुली भलतीकडेच गेली.

चाचांनी बॉल तिच्यासमोर धरला.

“तुम्ही किती जणी आहात?”

“चाचा, थट्टा नको. तिन्ही वेळा सगळ्या पिना पाडल्यात मी.”

“पाडल्यास. यातल्या कोणत्या फुलीवरून मोजू?”

राजसी तिन्ही फुल्यांकडे बघत राहिली.

“ज्या फेकीला बॉल सगळ्यात जास्त वळला, तिच्यावरून.”

“ती परत टाकून दाखव.”

तिनं टाकला. चौथी फुली पडली. ती आधीच्या एकीच्याही जवळ नव्हती.

“तुम्ही बघता ना, म्हणून असं होतं,” ती म्हणाली.

“असं?”

चाचांनी खुर्ची उचलली. लेनकडे पाठ करून ती भिंतीसमोर ठेवली आणि बसले. खिशातून मोसंबं काढलं.

“टाकत राहा. दर वेळी बॉल पुसायचा. मी हाक मारली की मात्र पुसायचा नाही. तसाच आणायचा.”

“किती टाकू?”

चाचा मोसंबं सोलायला लागले.

राजसीनं टाकायला सुरुवात केली. धप्प... धप्प... आधी प्रत्येक फेकीनंतर ती चाचांच्या पाठीकडे बघायची. पिना पडल्या की जरा मोठ्यानं पाय आपटायची. पाठ हलली नाही.

एक गेम झाला. दुसरा झाला.

“चाचा, बास?”

“फोड घेतेस? गोड आहे.”

“नको.”

ती रागानं टाकू लागली. बॉल दोनदा लेनच्या कडेच्या नाळीत गेला. मनगट दुखायला लागलं. तिनं ते चोळलं, हातरुमालानं बोटं पुसली आणि पुन्हा उभी राहिली.

पुढे केव्हातरी तिनं पाठीकडे बघणं सोडून दिलं. पाय आपटणंही थांबलं. हात मागे फार जाईना, तर तिनं तो नेला नाही. मनगट आवळवेना, तर ते सैल राहिलं. चार पावलं, आणि बॉल हातातून निघून जायचा. वळायचा थोडासाच. कधी आठ पिना पडत, कधी दहा. उरलेल्या दोन ती पुढच्या बॉलनं पाडायची.

धप्प असा आवाज येईनासा झाला.

“आण,” चाचा म्हणाले.

“बघितलंतही नाही तुम्ही.”

“पुसू नकोस.”

तिनं बॉल आणून दिला. चाचांनी तो उजेडात धरला. कड्या एकमेकींच्या शेजारी, बारीक आणि स्वच्छ उमटल्या होत्या. त्यांनी माप घेतलं आणि फुली मारली.

“अजून एक टाक.”

तिनं टाकला. नवी फुली आधीच्या फुलीवरच बसली.

“ही,” चाचा म्हणाले.

“ही नको.”

“का?”

“हे माझं खरं टाकणं नाही. हात दमलाय माझा. मनगट चालत नाहीये.”

“शेवटच्या गेमला कोणतं मनगट असतं?”



गेल्या वर्षी शेवटच्या गेममध्ये तिचा बॉल हातातून मंद सुटला होता. मंद सुटला म्हणून फार लवकर वळला आणि पहिल्या पिनच्या पलीकडे गेला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. तिनं अजून जोर लावायचा प्रयत्न केला होता...

“यंदा नाही दमणार मी,” ती हळू म्हणाली. “पावसाळाभर व्यायाम केलाय.”

“चांगलं केलंस.”

“मग चॅम्पियनच्या मापानंच पाडा.”

चाचांनी तिला मागच्या खोलीत नेलं आणि नवा जांभळा बॉल टेबलावरच्या कड्यात ठेवला. बॉलवर कारखान्यातून आलेला एक पिवळा ठिपका होता. आतला जड गाभा त्या ठिपक्याखाली असतो, आणि सगळी मापं तिथून घेतात. चाचांनी त्यावर आधी चॅम्पियनच्या चित्राप्रमाणे बोटांच्या जागा आखल्या. फोन हातात घेऊन, चष्मा लावून, नीट आखल्या. मग शेजारीच तिच्या फुलीवरून निघणाऱ्या जागा आखल्या.

दोन्हींमध्ये चांगलंच अंतर होतं.

“पाडतो. कोणत्या पाडू, ते सांग. दुसऱ्या पुसून टाक.”

त्यांनी ओलं फडकं तिच्या हातात दिलं आणि भोकं पाडायच्या यंत्राला गिरमिट बसवायला गेले.

राजसी फडकं घेऊन उभी राहिली.

“तुम्हीच सांगा ना.”

“रविवारी मी टाकणार आहे का?”

“पण कमी वळेल हा.”

“कमी वळेल.”

“बघणाऱ्यांना साधा वाटेल.”

“फारच साधा वाटेल.”

“आणि मोनिषाही आहे रविवारी. तिचा बॉल बघितलात? असा वळतो की लोक फोन काढून उभे राहतात.”

“मोनिषाचा मीच पाडलाय. तिच्या हाताचं तसंच आहे. दमली तरी तसंच टाकते.”

राजसीनं मान खाली घातली. मग उजवा हात वर करून बघितला. मनगट अजून ठणकत होतं. तिनं बोटं उघडली, मिटली.

तिनं बॉलवर फडकं ठेवलं आणि चॅम्पियनच्या खुणा पुसायला घेतल्या. आधी अंगठ्याची, मग बोटांच्या. रेघेचा एक तुकडा राहिला होता, तोही नखानं खरवडून काढला.

“झालं,” ती म्हणाली.

चाचांनी बॉल यंत्राखाली घट्ट बसवला. तिचा अंगठा पुन्हा मोजला. यंत्र सुरू झालं आणि जांभळा कीस टेबलावर पडू लागला. राजसी जवळ वाकून बघत राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत.

तिन्ही भोकं झाली. चाचांनी कडा घासल्या, फुंकर मारली आणि बॉल तिच्या हातात दिला. तिनं बोटं घातली. बॉल हातात नीट बसला.

ती दोन वेळा हात झुलवून थांबली.

“चाचा... पण रविवारी हात एकदम ताजा असला, आणि आधी जोरात टाकत होती ती मोठ्या वळणाची राजसीच खेळायला आली तर?”

चाचा टेबलावरचा कीस गोळा करत होते.

“आली तर तिला म्हणावं, तुझा बॉल तू घेऊन ये.”