पेंग्विनला वाट

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळे नाना राहत होते. भोळी माणसं गावात आणखीही होती, पण नाना घरात सगळ्यांत मोठे. त्यामुळे त्यांच्या भोळेपणाला शहाणपण म्हणायची पद्धत पडली होती. घरात नियम एकच. नाना पुढे, बाकीचे मागे. का, म्हणून विचारायचं नाही.

नानांना पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा मुलांनी त्यांना अंटार्क्टिकाला पाठवायचं ठरवलं. काशीला काय, सगळेच जातात. सोबत नानांच्या पत्नी, म्हणजे काकू, काकूंचे दोन भाऊ आणि त्यांच्या बायका. शिवाय इंग्रजी समजावून सांगायला पुतणी इरावती. ती प्राणिशास्त्र शिकलेली. पेंग्विनची पिल्लं एकदा डोळ्यांनी बघायची म्हणून तिने तो नियम निमूट गिळला आणि जहाजावर चढली.

सफरीचे सुरुवातीचे दिवस वादळाने खाल्ले. शेवटच्या दिवशी तीनदा किनाऱ्यावर उतरायचं ठरलं. पिल्लं तिसऱ्या ठिकाणी होती. संध्याकाळी जहाज परत फिरणार होतं.

पहिल्या किनाऱ्यावर नानांना एक पेंग्विन दिसला. नाना लगबगीने गेले आणि त्याची हनुवटी धरून विचारू लागले, जेवलास का. वाटाडी मार्गिट धावत आली. जवळ जायचं नाही, पाच मीटर लांब राहायचं, असं तिने बजावलं. इरावतीने ते मराठीत सांगितलं. नानांनी मान डोलावली. नानांची मान फार छान डोलायची.

“चुकलं. आता लक्षात ठेवतो.”

परत जाताना मार्गिट रबरी होडीत उभी राहिली आणि नानांना आत घ्यायला तिने हात पुढे केला. नानांनी हात पाहिला, अंतर मोजलं आणि पाच मीटर मागे सरकले. उतरायचा खडक अरुंद होता, मागेही समुद्रच होता.

कमरेपर्यंत भिजलेल्या नानांना शेकायला सगळ्यांना जहाजावर न्यावं लागलं. मार्गिटने समजावलं, कुणी हात पुढे केला की मनगट घट्ट धरायचं, काही झालं तरी सोडायचं नाही. नानांची मान डोलली.

“चुकलं. आता लक्षात ठेवतो.”

दुसऱ्या किनाऱ्यावर नाना शहाण्यासारखे एका जागी उभे राहिले. पाच मीटरचा नियम पेंग्विनला कुणी सांगितला नव्हता. एक पेंग्विन आपणहून आला, नानांसमोर थांबला आणि त्याने पंख पसरले. नानांनी पंख घट्ट धरला. काही झालं तरी सोडला नाही. पेंग्विनने दुसऱ्या पंखाने मुस्कटात दिली, पोटरीला चावा घेतला, तरी सोडला नाही. शेवटी दोन खलाशांनी मिळून पेंग्विनची सुटका केली.

सगळा गट पुन्हा जहाजावर. काकू म्हणाल्या, बघा, यांचा शब्द म्हणजे शब्द. दोन्ही भाऊ हो म्हणाले. इरावतीने दात आवळले. तिची दोन ठिकाणं गेली होती.

मार्गिटने आता हात जोडायचेच बाकी ठेवले होते. ती म्हणाली, इथे वाट पेंग्विनची. तो आडवा आला की थांबा. तो जाईपर्यंत हलू नका.

“चुकलं,” नाना म्हणाले. “आता लक्षात ठेवतो.”

तिसऱ्या किनाऱ्यावर बर्फ भुरभुरत होता. लाल झेंड्यांमधून एक वाट टेकाडावर जात होती. पलीकडे पिल्लं. हातात एक तास होता. मार्गिट इतर पाहुण्यांना घेऊन पुढे गेली. आपले लोक रांगेने निघाले. पुढे नाना, मग काकू, मग भाऊ, मग वहिन्या, शेवटी इरावती.

अर्ध्या वाटेत रांग थांबली. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. पलीकडून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती.

“का थांबलोय?” इरावतीने विचारलं.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने ‘का’ विचारलं होतं.

“वाटेत बसलाय,” नाना हळूच म्हणाले. “उठेल.”

समोर गुडघ्याएवढं काहीतरी होतं. पाठ काळी, पोट पांढरं.

“बाजूने जाऊ या, नाना. वाट रुंद आहे.”

“तो जाईपर्यंत हलायचं नाही, तूच सांगितलंस. त्यातून वयस्कर दिसतोय. घाई करू नये.”

तिने घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं उरली होती. ती रांगेतून बाहेर पडली. वहिन्यांना मागे टाकलं, भावांना मागे टाकलं, काकूंनाही.

“इरा,” काकू म्हणाल्या, “नाना उभे आहेत.”

“राहू देत. मी थांबणार नाही.”

ती नानांच्या पुढे गेली. घरात असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. वयस्कर पेंग्विनपाशी ती वाकली आणि हातातल्या काठीने त्याच्या डोक्यावर मारलं. टक्क.

“दगड आहे, नाना. वर पक्ष्यांची शीट आहे.”

ती टेकाड चढून गेली.

राखाडी लोकरीच्या गुंड्यांसारखी शेकडो पिल्लं तोंड उघडून आयांच्या मागे धावत होती. इरावतीने जहाजाचा भोंगा वाजेपर्यंत पाहिली आणि मग खाली आली.

सहाही जण तिथेच होते. पुढे नाना, बाकीचे मागे. खांद्यांवर बोटभर बर्फ साठला होता.

दगडाने अजून वाट सोडली नव्हती.