पहिलं कुंकू

गाड्यांची इंजिनं आणि ब्रेक आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट.

प्रमिलाताईंनी आपल्या जुन्या छोट्या गाडीला नवे, चांगले ब्रेक बसवून घेतले. दरवर्षी दसऱ्याला पहिलं कुंकू बॉनेटला लागायचं. या वेळी ताई चाकांशी वाकल्या आणि म्हणाल्या, “यंदा पहिला मान ब्रेकांचा.”

बॉनेटखालचं इंजिन जळफळलं. “वीस वर्षं गाडी ओढली मी, आणि कुंकू अडवणाऱ्यांना?”



गाडी वेळेवर थांबेल की नाही, या धास्तीने ताई कधी तिसऱ्या गिअरच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर त्यांनी थेट पाचवा टाकला. इंजिन फुशारलं, “बघितलात माझा जोर?”

“बघितला,” ब्रेक म्हणाले. “वीस वर्षं कुठे होता?”