दहातले नऊ कुणाचे?

फार पूर्वी, नदीवर पूल बांधायची युक्ती अजून कुणाला सुचली नव्हती, तेव्हा एका गावाच्या घाटावर एक नावाडी होता. माणूस कष्टाळू, पण जीव मोठा उतावळा. चुलीवर भात ठेवला तर शिजेपर्यंत चारदा झाकण उघडून बघणारा. नुसती वल्ही मारत बसणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो उतारूंना कोडी घालायचा. कोडीही त्याची स्वतःची, कुणाकडून ऐकलेली नव्हेत.

त्याच्या नावेचा एक रिवाज होता. या काठावरून नाव सुटली की कोडं, आणि पैलतीराला लागली की उत्तर. मधल्या वेळात ज्याला सुचेल त्याने ओळखावं. नाहीच सुचलं तर नावाडी उतरणाऱ्याचा हात धरून उत्तर सांगायचा आणि मगच त्याला सोडायचा. वीस वर्षांत एकही उतारू उत्तराशिवाय घरी गेला नव्हता.

रोज नदीपार शाळेला जाणारे पंतोजी एकदा त्याला म्हणाले, "अरे, ही कोडी लिहून काढ. चांगलं पुस्तक होईल." अक्षरं त्याला पंतोजींनीच नावेत बसून शिकवली होती. झालं, नावाडी कामाला लागला. दोन वर्षं खपून त्याने एकशे एक कोडी लिहिली. उत्तरं मात्र सगळी शेवटच्या पानांवर ठेवली.

आता पुस्तकाचा आणि नावेचा एक संबंध होता. नाव जुनी झाली होती, तळातून पाणी झिरपायचं. नव्या नावेच्या सागाच्या फळ्यांसाठी नवरा-बायकोने एका मडक्यात पै-पैसा साठवला होता. मडकं बरंच भरलं होतं, थोडीच तूट होती. "पुस्तकाचे पैसे आले की तूट भरून निघेल," नावाडी बायकोला म्हणाला. "पूर यायच्या आत नवी नाव पाण्यात!"

वही बगलेत मारून तो शहरातल्या पुस्तकशेटच्या पेढीवर गेला. शेट पुस्तकं छापायचा आणि विकायचा. शेटने वही वाचली. दोन कोड्यांना हसला, तिसऱ्याशी अडला, मग शेवटचं पान उघडून चोरून उत्तर बघितलं. नावाड्याला वाटलं, काम फत्ते.

"छापतो," शेट म्हणाला. "एका प्रतीचे दहा पैसे. त्या दहातला एक तुझा."

"एक?" नावाडी उभाच राहिला. "आणि नऊ?"

"बस ना. नवांचा हिशेब सांगतो. अर्धी घटका लागेल."

पण अर्धी घटका बसेल तर तो नावाडी कसला! नऊ या आकड्याने त्याच्या डोक्यात असं काही घर केलं की शेटचं पुढचं बोलणं त्याला ऐकूच गेलं नाही. लिहिलं कुणी? मी. डोकं कुणाचं? माझं. मग नऊ याचे कसे? त्याने वही उचलली आणि तो पायऱ्या उतरून चालू लागला.

वाटेत त्याला गावचा वैद्य भेटला. वैद्याने औषधी पाल्यांवर एक पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापून घेतलं होतं.

"वैद्यबुवा, तुम्हाला दहातले किती सुटतात?"

"सहा," वैद्य मिशीवर हात फिरवत म्हणाला. "चार छपाईला जातात. बाकी सगळे आपले."

सहा! नावाड्याचे पाय जमिनीवर ठरेनात. वैद्याच्या ओसरीवर रोज पन्नास रोगी येतात आणि पुडीबरोबर पुस्तकही घेऊन जातात, हे त्याला ठाऊक होतं. रोज तीच माणसं तो नावेतून आणत होता. पण त्या क्षणी त्याला फक्त सहा दिसले.

घरी येताच तो मडक्याकडे गेला. बायकोने विचारलं, "अहो, हे काय? फळ्या आणायला निघालात?"

"फळ्या येतील गं! आधी पुस्तक छापू. पाचशे प्रती. एकामागे सहा सुटणार. एक नाव काय, दोन नावा येतील."

"आणि विकणार कोण?"

"मी! माझ्या कोड्यांना माझ्याइतकं कोण ओळखतं?"

बायकोला पटलं नाही. ती म्हणाली, "नावेतल्या लोकांना तर ती रोज फुकट ऐकायला मिळतात." पण नावाडी तोवर मडकं घेऊन अंगणात पोचलाही होता.

पुस्तकं छापून आली. पाचशे प्रती म्हणजे किती, हे त्या दिवशी दोघांना कळलं. निम्मं घर भरलं. एका गठ्ठ्यावर कोंबडी अंड्यांवर बसली आणि तिला उठवायची कुणाची छाती होईना. बायकोने वल्ही हातात घेतली, नावाड्याने पुस्तकांची झोळी खांद्याला लावली, आणि तो पहिल्या जत्रेला गेला.

जत्रेत गर्दी चांगली होती. एक कोष्टी त्याच्यापुढे थांबला. नावाड्याने कोडं घातलं. कोष्ट्याने डोकं खाजवलं, दोन-तीन उत्तरं दिली, सगळी चुकली. मग तो निघाला. आता हा उत्तराशिवाय जाणार, हे नावाड्याला बघवेना. त्याने धावत जाऊन कोष्ट्याचा हात धरला आणि उत्तर सांगून टाकलं. "वा वा!" म्हणून कोष्टी खूश होऊन जिलेबी खायला गेला.

दिवसभर हेच चाललं. लोक येत, कोडं ऐकत, अडत, उत्तर घेऊन हसत जात. नावाड्याभोवतीची गर्दी तमाशाच्या फडाला हेवा वाटावा अशी होती. संध्याकाळी झोळी उचलली तर सकाळी होती जवळजवळ तितकीच जड. चार प्रती खपल्या होत्या, त्यातली एक पंतोजींनी घेतली होती.

दुसऱ्या जत्रेत पाच खपल्या. नावाड्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. त्याने जागा बदलली, किंमत उतरवली, पुन्हा चढवली, डोक्याला लाल मुंडासं बांधलं, सोडलं. घरी आला की तो गठ्ठ्यांभोवती येरझारा घालायचा. बायकोचे हात वल्ह्यांनी आणि नावेतलं पाणी उपसून सोलवटले होते. ते हात त्याला दिसायचे, आणि तो लगेच दुसरीकडे बघायचा.

तिसरी जत्रा त्या वर्षातली शेवटची. पुढे पावसाळाच. शेजारी पुस्तकशेटची पुस्तकं विकणारी एक मावशी सतरंजी टाकून बसली होती. तिच्यापुढचा ढीग उतरत होता, नावाड्याचा तसाच होता. दुपारपर्यंत तिने सगळं पाहिलं आणि मग तिला राहवलं नाही.

"दादा, रागावू नका," ती म्हणाली. "कोडं घालावं आणि तोंड मिटावं. उत्तर पुस्तकात आहे ना? मग ते तुम्ही कशाला वाटत बसलाय?"

नावाड्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. इतकी साधी गोष्ट! तेवढ्यात एक म्हातारी आली. नावाड्याने ताठ बसून कोडं घातलं, "पाण्यावर जगते, पाणी प्याली की मरते. सांगा आजी, कोण?"

"मासोळी?"

नावाड्याने ओठ आवळून मान हलवली.

"मग बाई, शेवाळ? कमळीण?"

मावशी डोळ्यांनी दटावत होती, गप्प, गप्प. म्हातारी कनवटीकडे हात नेत म्हणाली, "छळलंस रे बाबा. उत्तर आहे का ह्यात?" आणि तिने गाठ सोडायला घेतली. म्हाताऱ्या बोटांना गाठ सुटेना. नावाडी बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला, हाताच्या मुठी वळल्या. शेवटी त्याच्याच्याने राहवलं नाही.

"होडी, आजी! होडी!"

"अगं बाई, होडीच की!" म्हातारीने गाठ पुन्हा घट्ट मारली आणि ती हसत पुढे गेली.

मावशीने कपाळावर हात मारला. पण नावाड्याचं तिकडे लक्ष नव्हतं. पाणी प्याली की मरते. त्याची होडी आत्ता, या घटकेला, घाटावर पाणी पीत होती आणि बायको एकटी ते उपसत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोडं आपणच रचलं आणि उत्तर आपल्याच दारात बांधलेलं आपल्याला दिसलं नाही, या विचाराने त्याला भरल्या जत्रेत रडू आलं.

"मला हे जमायचं नाही, मावशी," तो म्हणाला. "मला लिहिता येतं. गप्प बसता येत नाही."

"मला लिहिता येत नाही," मावशी म्हणाली. "पण गप्प बसता येतं. म्हणून तर दहातले तीन मला मिळतात."

तो थबकला. त्या नऊ पैशांपैकी तीन पैशांची मालकीण त्याला पहिल्यांदाच भेटली होती.

दुसऱ्या दिवशी तो पेढीवर गेला आणि खाली बसला. शेट म्हणाला, "आज बसलास?"

"बसलो. सांगा, नऊ कुणाचे?"

"चार कागदाचे, छपाईचे, बांधणीचे. तीन विकणाऱ्याचे. एक गाडीवानाचा. एक माझा, आणि जी पुस्तकं पडून राहतील त्यांचा खड्डा मी माझ्या एकातून भरतो. दहावा तुझा."

"छपाई तर मी करून बसलोय."

"मग ते चार तुझे. पाच तू घे. गठ्ठे माझ्याकडे धाड."

शेटने कागद पुढे केला. पूर्वीचा नावाडी असता तर सहीची शाई वाळायच्या आत घाटावर पोचला असता. पण आज त्याने एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि एका ओळीवर बोट थांबवलं. "'यापुढे रचलेली सर्व कोडी याच पेढीची.' शेटजी, हे कोणत्या कामाचं मोल?"

शेट जरा खाकरला. मग टोपी सारखी करत म्हणाला, "ते... तसं कोणत्याच कामाचं नाही." आणि त्याने ती ओळ खोडली.

मावशीने आणि तिच्यासारख्या बारा जणींनी पुस्तकं विकली. पण ती खपायला वर्ष लागलं आणि पूर कुणासाठी थांबत नाही. त्या पावसाळ्यात जुनी नाव उलटी करून काठावर ठेवावी लागली. चार महिने चूल दुसऱ्यांच्या शेतातल्या मजुरीवर पेटली. पुढच्या पुराआधी मात्र सागाची नवी नाव पाण्यात उतरली. पहिली खेप त्याने बायकोला बसवून केली. तिने पूर्ण वेळ नावेच्या तळावर हात ठेवला होता. तळ कोरडा होता.

काही दिवसांनी त्या नावेत एक कुंभारीण चढली. पदराखाली वही होती. तिने जात्यावरच्या ओव्या स्वतः रचून लिहून काढल्या होत्या. बसल्या बसल्या ती पाय हलवत होती आणि तिची नजर शहराकडे लागली होती. नावाड्याने तो उतावळेपणा लगेच ओळखला.

"दादा," नाव सुटताच ती म्हणाली, "एकच सांगा. शेटकडे दहातले किती सुटतात, आणि स्वतः छापलं तर किती?"

नावाड्याने वल्हं मारलं. "आधी मी विचारतो. तू बाजारात मडकी विकतेस तेव्हा गिऱ्हाईक घासाघीस करून निघालं, तर काय करतेस?"

"जाऊ देते. परत येतं ते."

"आणि पुस्तकांचे गठ्ठे ठेवायला घरात जागा?"

"मडक्यांची खोली आहे."

"पडून राहिले तर पोट कशावर भरेल?"

ती विचारात पडली. पाय हलायचे थांबले. तिच्या वाट्याला काय यावं हे नावाड्यालाही ठाऊक नव्हतं. ती बाजारात बसणारी बाई होती, तिला कदाचित सहाच लाभले असते.

पैलतीर आला. उतरताना ती म्हणाली, "पण आकडा राहिलाच की! तुमच्या नावेचा रिवाज आहे ना, काठाला उत्तर सांगायचं?"

नावाड्याचा हात सवयीने पुढे झाला. ओठ उघडले. मग त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही मुठींनी वल्हं घट्ट धरलं.

"नुसता आकडा मी एकदा घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "तू शेटकडे जा, अर्धी घटका बस. मग वैद्याकडे जा, तिथेही बस. उत्तर तुझं तूच घेऊन ये."

ती चढण चढून दिसेनाशी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक उतारू त्याच्या नावेतून उत्तराशिवाय उतरला होता. नावाड्याच्या जिवाची फार घालमेल झाली, पण त्याने हाक मारली नाही.

तात्पर्य: आपल्या वाट्याला किती येणार हे विचारण्याआधी उरलेल्या वाट्याचं काम कोण करणार ते बसून ऐकावं, आणि ते आपल्याला जमेल का, हे स्वतःला खरं सांगावं.