जप्त केलेले जू

एकदा एक तरुण शिष्य दूरदेशी नीतिशास्त्र शिकून आपल्या वृद्ध आचार्यांकडे परतला. जखमी जनावर जुंपणे हा गुन्हा, असा कायदा राजाने नुकताच केला होता. नाक्यावर गाड्या तपासून शिक्षा ठरवण्याचे काम आचार्यांकडे होते. शिष्याला कायदा तोंडपाठ होता आणि तो मोडणारा कधी सापडतो, असे झाले होते.

पहिल्याच सकाळी गुळाच्या ढेपींनी भरलेली बैलगाडी आली. भर उन्हात एका बैलाच्या अंगावर झूल होती. शिष्याने ती उचलली. खांदा सोलवटला होता, माशा घोंगावत होत्या. हात लागताच बैल थरथरला. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"खांदा आलाय जरा," गाडीवान पुटपुटला. "गुळाचा हंगाम हाय महाराज, थांबून कसं चालंल?"

"आचार्य, बैल जप्त करा! कोंडवाड्यात तरी सुखाने राहील."

गाडीवानाचा चेहरा उतरला. त्याचा हात नकळत बैलाच्या गळ्याखाली गेला. "न्या. पण कडबा बारीक कापून घाला त्याला. दात झिजल्यात."

आचार्य उठले. त्यांनी बैल सोडले, गाडीचे जू काढले आणि आत नेऊन ठेवले. "गूळ दुसऱ्या गाडीने जाईल. बैल घरी ने. खांदा बरा झाला की जू मिळेल."

"जू नेलं? मग गाडी काय माझ्या मानंनं ओढू?"

"ओढून बघ. कुठे बोचतं ते तरी कळेल."

मागे खोळंबलेले गाडीवान खो खो हसले. शिष्य मात्र संतापला. "गुन्हेगार सुटला, आणि बैल पुन्हा त्याच्याच दावणीला!"

आचार्य शांतपणे म्हणाले, "कोंडवाड्यात त्याला कडबा कापून कोण घालणार होतं? त्या माणसाचा हात बैलाच्या गळ्याखाली गेला नसता, तर मीही बैल नेलाच असता. तो निर्दय नाही, घाईला आलेला आहे. आता खांदा भरल्याशिवाय त्याच्या गाडीचं चाक फिरणार नाही. बैलाचं दुखणं आता त्याच्या घरचं झालं."

शिष्याला हे पटले नाही. तो मुद्दाम वाकडी वाट करून त्या गाडीवानाच्या गोठ्यावरून जाऊ लागला. गाडीवान कधी हळद-तेलाचा लेप लावताना दिसे, कधी कडुलिंबाच्या डहाळीने माशा हाकताना. एकदा तर तो बैलावरच खेकसत होता, "घासू नको रं खांदा, भरू दे की!"

पुढे एके दिवशी गाडीवान बैल घेऊन नाक्यावर आला. आचार्यांनी शिष्याला खूण केली. शिष्याने श्वास रोखून खांद्यावर तळवा ठेवला आणि हलकेच दाबला.

बैल रवंथ करीत राहिला.

शिष्याने रोखलेला श्वास सोडला. आत जाऊन त्याने स्वतःच जू उचलून आणले. ते हाती घेताच गाडीवानाने खालून अंगठा फिरवला आणि तो लाकडातल्या एका बोचणाऱ्या गाठीवर थांबला. "आधी सुताराकडं जातो," तो म्हणाला. "मग जुंपतो."

जेवढ्या शिक्षेने मुक्या जिवाची वेदना थांबते, तेवढी शिक्षा पुरेशी असते.