शिंकेला बंदी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राज्यात शिंकेला सगळेच घाबरत. कुणी शिंकलं की निघालेली वरात थांबे, उचललेलं पाऊल मागे येई.

राजकन्येचं लग्न ठरलं. राजवाड्याच्या मागच्या अंगणात मसाला कुटायला गावच्या बायका बसल्या. त्यांत एक म्हातारी होती आणि तिची लेक. मुसळाच्या ठेक्यावर लेक अशा ओव्या म्हणायची की जाणारी-येणारी माणसं हातातलं काम विसरून उभी राहायची. हळदीच्या ओव्या तिनेच म्हणायच्या, असं राणीने सांगून ठेवलं होतं.

मिरचीवर मुसळ पडलं आणि शिंका सुरू झाल्या. कारभारी धावत आला. "शुभकार्याच्या मसाल्यावर शिंका? घाला सगळ्याजणी नाकात मेणाचे बोळे!"

बायका बिचाऱ्या तोंडाने श्वास घेऊ लागल्या. मिरचीची धूळ थेट घशात, घशातून छातीत. चौथ्या दिवशी लेकीला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ओठ काळेनिळे पडले.

म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लेकीच्या नाकातले बोळे उपसले आणि भर दरबारात कारभाऱ्यापुढे आपटले.

"नाकातले केस काय शोभेला दिलेत देवाने? धूळ अडवतात ते! शेंबडाची किळस येते ना तुम्हाला? उरलीसुरली धूळ तोच धरून ठेवतो आणि शिंक ती बाहेर फेकते. कोरडी गार हवासुद्धा नाकात ओली, उबदार होते, मग छातीत उतरते. तुम्ही पहारेकऱ्याला बांधलंत आणि दार सताड उघडं टाकलंत!"

"मसाला कुटणारीने आम्हाला शिकवू नये," कारभारी नाकाने कांदे सोलत म्हणाला.

"मग घाला तेच बोळे आणि बसा उखळापाशी!"

राजाने होकाराची मान हलवली. कारभाऱ्याला बसावंच लागलं. मूठभर मिरची कुटून व्हायच्या आत तो खोकून खोकून लाल झाला. त्याने स्वतःच बोळे ओढून फेकले आणि सात वेळा शिंकला. कुणावरही आभाळ कोसळलं नाही.

हुकूम मागे घेतला गेला. कारभाऱ्याचं पदही गेलं, आणि जायलाच हवं होतं.

हळदीच्या दिवशी राणीने ओवी म्हणायला सांगितली. लेकीने तोंड उघडलं, पण घशातून नुसती घरघर आली. म्हातारी रडली नाही. ती राजाकडे रोखून बघत राहिली, आणि राजाने मान खाली घातली.

तात्पर्य: शरीराची राखण करणाऱ्या नाकाला खुळ्या समजुतीपायी बांधू नका, हुकूम मागे घेता येतो, गेलेला आवाज परत आणता येत नाही.