नावाड्याची शिकवणी

फार पूर्वी, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारा नावाडी होता. सगळे त्याला बाबा म्हणत. गाव या तीरावर, बाजार आणि वैद्य पलीकडच्या तीरावर, आणि मधल्या पाण्याखाली काळ्या खडकांची रांग. वल्ही मारणाऱ्यांची पाठ नेहमी पुढे असते. खडक बघायचे ते सुकाणू धरणाऱ्यानेच. तो चुकला की सगळी नाव चुकली.

म्हणून गावातली पोरं बाबांकडे शिकवणी लावत. "कुणाची शिकवणी?" असं कुणी विचारलं आणि "बाबांची" असं उत्तर आलं की विचारणारा निश्चिंत होई. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलाचं नाव-गाव राहू दे बाजूला, शिकवणी बाबांची होती हे आधी सांगत.

शिकवणी संपवायची एक रीत होती. शिष्याने सुकाणू धरायचं आणि गुरूने नावेच्या पुढच्या टोकाला, खडकांकडे पाठ आणि शिष्याकडे तोंड करून बसायचं. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. नाव पलीकडे लागली की गुरू शिष्याच्या हातात नारळ देई. बाबांच्या शिष्याला नारळ मिळाला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि बाबांना त्याचा मोठा अभिमान होता.

आता खरं काय ते सांगतो. बाबांच्या मनगटात तांब्याचं कडं होतं. किनाऱ्यावरची झाडं बघूनच नाव कुठे आली ते त्यांना कळे, मग हळूच कडं फळीवर वाजे. एकदा वाजलं की डावीकडे, दोनदा वाजलं की उजवीकडे. पहिल्यांदा ते एका घाबरट पोराच्या काळजीपोटी वाजलं, पुढे सवयच झाली. आणि नारळ मिळालेले तरबेज शिष्य जरा वारा सुटला की म्हणत, "बाबा, चला ना सोबत. तुम्ही नुसते बसलात तरी बरं वाटतं." बाबांना वाटे, काय हा आदर! माणसाला आदर नसला तरी दिसतो.

एके वर्षी जाळी विणणाऱ्या एका विधवेची मुलगी शिकवणीला येऊ लागली. पोरगी हुशार, पण प्रश्न फार विचारी. परीक्षेच्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. नाव खडकांजवळ आली आणि कडं दोनदा वाजलं. मुलीने सुकाणू वळवलं नाही. तिने वल्ही थांबवायला सांगितली आणि नांगर पाण्यात सोडला.

"अगं, वळव," बाबा दातांतल्या दातांत म्हणाले.

"का वळवायचं, बाबा?"

"मी सांगतोय म्हणून."

"तेच तर. तुम्ही वाजवलंत म्हणून मी वळवीन. पण खडक कुठे आहे ते मला दिसत नाही. उद्या तुम्ही नसाल, तर मी कुणाचं ऐकू?"

नाव मागे आली. किनाऱ्यावर हशा पिकला. मुलीची आई पदराने तोंड झाकून घरी गेली. आणि बाबा? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांची अब्रू एका पोरीने भर गावात पाण्यात घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी त्यांच्या दारात उभी. "बाबा, पुन्हा पहिल्यापासून शिकवा. फक्त कडं घरी ठेवा."

बाबांनी दार लावून घेतलं. ती तिसऱ्या दिवशीही आली, चौथ्या दिवशीही आली. शेवटी बाबा वैतागले. कडं काढून त्यांनी खुंटीला अडकवलं आणि म्हणाले, "चल. आपटलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

ती आपटलीच. एकदा नावेची फळी तडकली, एकदा दोघंही गळ्यापर्यंत पाण्यात गेली. बाबांचे हात शिवशिवत, जीभ वळवळे. मग ते स्वतःचेच हात मांडीखाली दाबून बसत. शिकवताना एवढे कष्ट त्यांना कधी पडले नव्हते. पण हळूहळू मुलगी पाणी बघायला शिकली. बुडालेल्या खडकावर पाणी आधी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत फुगतं आणि त्याच्या मागे फेसाळतं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी हेरलं.

दुसरी परीक्षा ठरायच्या आधीच बाबा आजारी पडले. ताप चढला, घशात गळू झालं, आणि एका दुपारी त्यांना बोलताही येईना. श्वास घरघरू लागला. गळू फोडणारा वैद्य पलीकडच्या तीरावर, आणि इकडे भर दुपारी अंधारून आलेलं, वारा भणाणलेला.

बाबांना खाटेसकट किनाऱ्यावर आणलं. सगळे नारळवाले शिष्य तिथे जमले आणि एकमेकांची तोंडं बघू लागले.

"एरवी मी नेली असती," एक म्हणाला, "पण अशा वाऱ्यात बाबा सोबत लागतात."

बाबा सोबत असणारच होते, पण आडवे! शिष्याचं बोलणं ऐकून बाबांना तापातही घाम फुटला. त्यांना त्या क्षणी कळलं की त्यांनी आजवर यांच्यापैकी एकालाही काही शिकवलं नव्हतं.

मुलगी पुढे झाली. "उचला त्यांना. मी नेते."

दोघांनी वल्ही घेतली. बाबांना नावेच्या तळाशी निजवलं. डोकं पुढच्या टोकाला उंच टेकवलेलं, तोंड मुलीकडे. खडकांकडे पाठ. रीतीप्रमाणेच झालं म्हणायचं.

नाव लाटांवर आदळू लागली. बाबांना किनारा दिसेना, झाडं दिसेनात. पावसाच्या पडद्यात फक्त मुलीचा चेहरा दिसत होता. अचानक पाठीमागे पाणी गुरगुरल्याचा आवाज आला. खडक! बाबांची बोटं आपोआप फळीकडे गेली. एकदा ठोकू की दोनदा?

आणि बोटं तिथेच थबकली. कारण खडक कोणत्या बाजूला आहे ते बाबांना ठाऊक नव्हतं. ते दिसत होतं फक्त तिला. बाबांनी मूठ आवळली आणि छातीशी धरली. तिचे डोळे पाण्यावरून हलले नाहीत. तिने ओठ घट्ट मिटले, सुकाणू छातीच्या जोराने ढकललं, आणि नाव कलंडता कलंडता वळली. खडक बाजूने घासत मागे गेला. मग दुसरा. मग तिसरा. मग तळाखाली वाळू करकरली.

वैद्याने गळू फोडलं. संध्याकाळी बाबांना आवाज फुटला, तेव्हा मुलगी उशाशी बसून ओले केस पिळत होती.

"बाबा," तिने विचारलं, "माझी शिकवणी संपली का?"

बाबांनी वैद्याच्या घरातला नारळ मागून घेतला आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुझी आज संपली, पोरी," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांची उद्या सुरू करायची आहे."

तात्पर्य: गुरू जवळ नसतानाही जे हाताशी राहतं, तेवढीच खरी शिकवणी, बाकीची नुसती सोबत.