मिठवाल्याचा मोजा

फार पूर्वी, मीठ गाढवांच्या पाठीवरून डोंगर चढून यायचं तेव्हा, एका उंच डोंगरावर एक गाव होतं. त्या गावात सगळं पिकायचं, मीठ तेवढं नसायचं. ते खिंड ओलांडून खालच्या मुलखातून आणावं लागे, आणि आणणारा माणूस गावात एकच होता. बाकी कुणाच्याने ती खिंड चढवत नसे. पावसाळा सरला की हा मिठवाला आपली गाढवं घेऊन निघायचा आणि बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत परत यायचा.

एका वर्षी परत आला तेव्हा त्याच्या पायाची करंगळी थंडीने काळी पडली होती. ती गेलीच. वैद्यबुवांनी त्याच्या बायकोला बजावलं, "पुढच्या खेपेला पायात लोकरीचे मोजे हवेत. आणि एक लक्षात ठेव, टाचेखाली गाठ नको. चढावर गाठ टोचली की कातडं सोलवटतं, आणि थंडीत सोलवटलेला पाय लवकर भरत नाही."

बायकोला विणता येत होतं. नवऱ्याने बांबूच्या सुया घासून गुळगुळीत करून दिल्या, तिने लोकर कातली, त्यातच पुढचा पावसाळा सरत आला. पण त्यांचं घर पडलं डोंगराच्या सावलीत. हिवाळ्याच्या तोंडावर तिथे ऊन येत नसे, बोटं आखडायची, काळ्या लोकरीतले टाके दिसायचे नाहीत. गावात दिवसभर ऊन कुठे असेल, तर ते पारावर. म्हणून ती सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन पारावर जाऊन बसली.

आता त्या गावाची एक रीत होती. उघड्यावर कुणाचं काम चाललेलं दिसलं, की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून त्याला हात लावायचा. कुणी भिंत घालत असला तर एक दगड चढवायचा, कुणी छप्पर शाकारत असला तर एक पेंढी वर द्यायची. रीत चांगलीच होती, गावातलं घरन् घर तिच्यावर उभं राहिलं होतं. पण कुणाला हात लावू दिला नाही तर तो त्याचा अपमान समजत, आणि अपमान करणाऱ्याच्या छपरावर पुढे कुणी चढत नसे.

भिंत वेगळी आणि मोजा वेगळा, हे कळायला फार अक्कल लागते असं नाही. त्या गावाकडे तेवढीही नव्हती.

पारावर सकाळपासून काही पुरुष मंडळी बसलेली असत. ती काहीही करत नसत. बाबांनो, तुम्ही इथे काय करताय, असं त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. ही बाई सुया घेऊन बसली मात्र, सगळ्या गावाला प्रश्न पडले.

"काय विणतेस गं?"

"मोजे."

"कुणाला?"

"ह्यांना."

"घरात बसून विणता येत नाही वाटतं? चव्हाट्यावर कशाला?"

"घरात ऊन नाही येत."

"आमच्या आत्याची नणंद अशीच विणायची. डोळे गेले तिचे."

"एवढ्या सुया? टोचत नाहीत?"

"माझ्यासाठी पण घाल एक जोडी, बसलीच आहेस तर."

विचारणारा एकदाच विचारून जात होता, पण उत्तर देणारी एकटीच होती. तिने मान वर करून प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि दर वेळी खाली बघून टाके पहिल्यापासून मोजले. कुणाच्या बापाचं काय जात होतं?

मोज्याची नळी सोपी असते, हात आपोआप चालतात. टाच वळवणं अवघड. तिथे टाके कमी करत जायचे, मग बाजूचे उचलायचे, आणि सगळं मनात मोजत राहायचं. ती पहिल्या मोज्याच्या टाचेपाशी आली आणि नेमकी शेजारीणकाकू येऊन टेकली.

"आण इकडे, चार टाके मी घालते. रीतच आहे."

काकूचा हात असा घट्ट, की सुई टाक्यातून निघेना. मग कासारीण आली. तिने बांगड्यांची टोपली उतरवली आणि सुया मागून घेतल्या. तिचा हात सैल. टाच एकीकडे आवळली आणि दुसरीकडे लोंबली. शेवटी पाटील आले. पाटलांनी उभ्या आयुष्यात सुई धरली नव्हती, पण रीतीत आपण मागे राहिलो असं व्हायला नको म्हणून त्यांनीही हात पुढे केला. दोन टाके सुटले. पाटलांनी ते धरले आणि लोकरीची चांगली घसघशीत गाठ मारली.

"सुटत होतं, मी पक्कं करून टाकलं," ते म्हणाले. "आता जन्मात उसवायचं नाही, सूनबाई."

तिने बघितलं. गाठ बरोबर टाचेखाली बसली होती. तिच्या ओठांवर 'नको' आलं. पण तिचं छप्पर गळत होतं आणि ते शाकारायला पुढे गावच लागणार होतं. ती म्हणाली, "बरं झालं, पाटीलबाबा."

गावाचा राग येतोच, पण मला तिचाही राग येतो तो इथे.

टाच घरी जाऊन उसवावी असं तिने ठरवलं होतं. पण घरी जायला उठली तर काकू म्हणाली, "उद्या आण गं परत, माझे टाके कसे दिसतात बघू दे." कासारीण म्हणाली, "माझेही." आणि दुसऱ्या दिवशी खरंच सगळे जमले. "हे बघ माझे," "हा माझा हात," "आणि ही माझी गाठ." जो तो आपापला टाका दाखवून खूश. उसवायची सोयच राहिली नाही. दुसऱ्या मोज्याची टाचही अशीच झाली.

निघायच्या दिवशी मिठवाल्याने मोजे चढवले, दोन पावलं टाकली आणि थांबला.

"टाचेखाली काहीतरी टोचतंय गं."

"पाटलांची गाठ आहे. थांबा, उसवून परत घालते."

"आता कुठे वेळ आहे? आभाळ बघ कसं झालंय," तो म्हणाला आणि गाढवं हाकत निघून गेला.

तो परत आला, पण फार लवकर. गाढवावर बसून आला, आणि बाकीच्या गाढवांवरच्या गोण्या रिकाम्या होत्या. अर्ध्या खिंडीतच टाच सोलवटली होती, पाऊल टेकवत नव्हतं. तो घरात शिरला आणि मागोमाग बर्फ पडायला लागलं. खिंड बंद झाली. मीठ नाही ते नाहीच.

तो हिवाळा गावाने अळणी खाऊन काढला. आमटी अळणी, भाकरी अळणी. गुरं भिंती चाटायला लागली. इकडे मिठवाल्याची टाच भरता भरेना. वैद्यबुवा रोज पट्टी बदलायचे. हा पाय पुन्हा खिंड चढेल की नाही, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आणि पारावर काय चाललं होतं?

"बाईमाणसाने चव्हाट्यावर बसून विणलं, दृष्ट लागली मोज्यांना."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, घरात बस म्हणून."

"आपण हात लावला म्हणून निदान जोडी पुरी तरी झाली."

हे तिच्या कानावर गेलं. ती चुलीपुढून उठली, पाटलांच्या गाठीचा मोजा घेतला आणि तडक पारावर गेली. टाचेपाशी रक्त वाळून मोजा कडक झाला होता. तिने तो सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"काकू, तुमचे टाके दाखवा."

शेजारीणकाकूने मोज्याकडे बघितलं न बघितलं. "आता कुठले ओळखू येतायत गं."

"कासारीणताई, तुमचे?"

"माझे टाचेत नव्हतेच मुळी. वर कुठेतरी असतील."

"पाटीलबाबा, तुमची गाठ?"

"गाठ?" पाटील म्हणाले. "मी कशाला गाठ मारीन? मला विणता तरी येतं का?"

"नाही येत," ती म्हणाली. "तेच मला त्या दिवशी म्हणायचं होतं."

मग तिने तिथेच बसून, सगळ्यांच्या देखत, तो मोजा उसवला. लोकर जागोजाग तुटत होती. पाटलांची गाठ काही सुटेना, ती तिने दाताने तोडली आणि पारावर टाकली.

"यात कुणाचाच टाका नाही ना?" ती म्हणाली. "मग हा मोजा माझ्या एकटीचा होता. पुढचाही माझ्या एकटीचाच. छप्पर शाकारायला या, नाहीतर नका येऊ. मी गळक्या घरात राहीन. पण सुयांना कुणी हात लावला, तर सुई कुठे टोचेल ते मी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी येऊन बसली. घरात ऊन नव्हतंच. लोक थांबले. एका म्हाताऱ्याने सवयीने तोंड उघडलं, "कुणासाठी गं..." तिने सुया थांबवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. म्हाताऱ्याला एकदम घरचं काहीतरी काम आठवलं. त्या दिवशी तिने टाच वळवली आणि मोजणी एकदाही चुकली नाही.

तिचं छप्पर शाकारायला कुणी आलं नाही. तिने ते स्वतःच शाकारलं. एका कोपऱ्यात गळत राहिलं, तिथे तिने घंगाळ ठेवलं.

बर्फ वितळलं तोवर टाच भरली होती. मिठवाल्याने नवे मोजे चढवले, अंगणात चार फेऱ्या मारल्या, बायकोकडे बघून मान डोलावली आणि निघाला. परत आला तो पायी, भरलेल्या गोण्यांच्या मागून.

सगळं गाव भांडी घेऊन पारावर जमलं. वाटायला तीच बसली होती. पाटलांना भांडं आणायचंही सुचलं नव्हतं. ते सगळ्यांच्या पुढे घुसले आणि त्यांनी नुसती ओंजळ पुढे केली.

तिने ओंजळ काठोकाठ भरली.

"नीट धरा, पाटीलबाबा," ती म्हणाली. "हे सुटलं तर गाठ मारता येत नाही."

तात्पर्य, आणि हे मुलांपेक्षा मोठ्यांनीच वाचावं: दुसऱ्याच्या कामात हात घालणारा हात झटकून मोकळा होतो, सोलवटतो तो भलत्याचाच पाय. म्हणून आधी विचारा, आणि 'नको' म्हटलं तर निमूट पुढे चला. आणि ज्याच्या हातात सुया आहेत, त्याने 'नको' म्हणायला हिवाळा सरायची वाट बघू नये.